लकडी बंदरातली यॉट : दुरुस्तीच्या नोंदी

२० ऑक्टोबर २०२४

बोट दादाने घेतली, काम दोघांचं. १९९१ साली इंग्लंडमध्ये बांधलेली ४० फुटी मोटर यॉट. अंग फायबरग्लासचं, दोन सहा-सिलिंडर डिझेल इंजिनं, वजन बारा टनांच्या आसपास. बरीच वर्षं ती मुरिंगला, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या नांगराला बांधून, नुसती उभी होती. ताडपत्री फाटलेली, खिडक्यांच्या कडांना हिरवी बुरशी, सलूनच्या, म्हणजे आतल्या बैठकीच्या खोलीच्या, प्लायवूडवर काळे ओघळ.

बघायला येणारा प्रत्येक जण गाद्या, पडदे आणि वार्निश यांबद्दल बोलतो. मला यातलं काहीही आत्ता करायचं नाही. माझं मत पक्कं आहे : जुन्या फायबरग्लासच्या बोटीला समुद्र मारत नाही, पाऊस मारतो. खालून शिरलेलं खारं पाणी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, दिसतं, पंप त्याला बाहेर फेकतो. वरून झिरपणारं गोडं पाणी कुणाला दिसत नाही. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला थेंब न् थेंब डेकवरच्या प्रत्येक स्क्रूची परीक्षा घेतो. म्हणून क्रम असा ठरवला : आधी पाण्याखालची भोकं (समुद्राचं पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्यांची), मग डेक, मग इंजिनं, मग वायरिंग. शोभेचं सगळं त्यानंतर.

मेअखेर बोट पाण्यात आणि सुरक्षित खाडीत हवी. ऑक्टोबर ते मे एवढाच काय तो मोसम.

१७ नोव्हेंबर

काल रात्री बोट वर काढली. लकडी बंदरातलं हे यार्ड छोटं आहे : एक उतार, त्यावर रूळ, लोखंडी क्रेडल (बोट ज्यावर बसते तो सांगाडा) आणि जुनी विंच. शेजारी दारूखान्यात जहाजं तोडतात, त्यामुळे गॅस कटरचा वास आणि लोखंडाची धूळ सतत. ताज्या रंगावर ती बसली की गंजाचे ठिपके उठतात, तेव्हा शेवटचा हात द्यायची वेळ जपून निवडावी लागेल.

क्रेडल पुरतं बुडायला मोठी भरती लागते. आमची बोट हाकणारे तांडेलकाका उरणचे, त्यांना छापील तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. काल कार्तिक वद्य प्रतिपदा, म्हणजे पाऊण. तक्त्याशी थोडाफार फरक पडतो, पण माणसं कधी जमवायची हे ठरवायला हिशेब पुरेसा आहे. दिवसाची भरती का नको, असं दादाने विचारलं. काका म्हणाले, "थंडीत रातचं पाणी मोठं, पावसाल्यात दिसाचं. आत्ता दिवसा काढशील तर क्रेडलवर टेकंल, चढायची नाय." उधाणाला इथे साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं आणि उतरतंही तितक्याच घाईने. पहाटेपर्यंत बोट उतारावर कोरडी उभी होती.

तळाला चिकटलेले बार्नेकल, म्हणजे कवचाचे बारके जीव, ओले असतानाच खरवडले. सुकू दिले तर दुप्पट मेहनत पडते.

२४ नोव्हेंबर

तळ धुतल्यावर फोड दिसले. डाव्या बाजूला पाण्याच्या रेषेखाली, नखाएवढ्यापासून रुपयाएवढ्यापर्यंत. गॉगल लावून एक फोड टोच्याने उघडला, तर आतलं पाणी जोरात उडालं. बोटांवर घेतलं तर चिकट, वास व्हिनेगरसारखा आंबूस. निळा लिटमस लाल झाला. हे ऑस्मोसिस.

घडतं असं : जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा बाहेरचा थर, दिसायला काचेसारखा घट्ट असला तरी त्यातून पाणी रेणूरेणूने आत जातं. आतल्या थरात रेझिनचे न जुळलेले अंश असतात, ते या पाण्यात विरघळतात. विरघळलेलं द्रावण बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट, म्हणून ते आणखी पाणी ओढून घेतं. दाब वाढतो आणि फोड उठतो.

यार्डातल्या एका कंत्राटदाराचा आग्रह होता की सगळा जेलकोट सोलून काढा. मी नाही म्हटलं. फोड वरवरचे आहेत, काचेच्या विणलेल्या कापडाच्या थरापर्यंत गेलेले नाहीत. बारा टनांच्या बोटीचा पूर्ण तळ सोलून पुन्हा सरळ करणं हे मोठं आणि महागडं काम, आणि ते निष्काळजीपणे झालं तर बोट आहे त्याहून वाईट होते. त्याऐवजी प्रत्येक फोड ग्राइंडरने उघडून पसरट खड्डा केला, शाबूत थर लागेपर्यंत. आता हे खड्डे गरम गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे. नुसतं वाळवून भागत नाही, कारण आत राहिलेला चिकट द्रव हवेतली ओल खेचत राहतो आणि मॉइश्चर मीटरचा काटा खाली येतच नाही. धुवायचं, वाळू द्यायचं, मोजायचं. फेब्रुवारीपर्यंत हे असंच चालेल.

८ डिसेंबर

पाण्याखालच्या भोकांचे व्हॉल्व्ह. सगळे गेट व्हॉल्व्ह, पितळी, नळकामाच्या दुकानात मिळतात तसले. इंजिनला थंड पाणी देणाऱ्या व्हॉल्व्हच्या नळीवर हातोडीने हलकीशी टिचकी मारली, तर ती मोडून हातात आली. मोडलेली कड पिवळी नाही, गुलाबी. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे उरतो तांब्याचा सच्छिद्र सांगाडा. आकार तोच, ताकद शून्य. हीच नळी बोट तरंगत असताना तुटली असती, तर दोन इंच व्यासाची धार इंजिनरूममध्ये.

नागदेवी स्ट्रीटवर नवे घ्यायला गेले. दुकानात पितळ आणि गनमेटल (मुख्यतः तांबं आणि कथिलाचा, खाऱ्या पाण्यात टिकणारा मिश्रधातू) दोन्ही एकाच फळीवर असतात आणि दोन्ही पिवळी चमकतात. वजनावर किंवा चमकीवर विश्वास ठेवू नये, घडणीवर कोरलेला दर्जा वाचावा आणि बिलावर धातूचं नाव लिहून घ्यावं. आम्ही गनमेटलचे बॉल व्हॉल्व्ह घेतले. पाण्याखालच्या प्रत्येक होजला दोन दोन क्लिप, स्टेनलेस ३१६ च्या, आणि प्रत्येक भोकाजवळ सुतळीने बांधलेली मऊ लाकडाची निमुळती खुंटी. नळी गेली तर तीच ठोकून भोक बंद करायचं.

१९ डिसेंबर

काल दुपारी चारच्या सुमारास घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. माणसं गेली. लहान मुलंही. आज यार्डात कुणाचं कामात लक्ष नव्हतं. इथल्या बऱ्याच खलाशांची माणसं लाँचवर आहेत.

संध्याकाळी मी आणि दादाने बोटीतली लाइफ जॅकेटं बाहेर काढली. ती यादीत पार तळाशी होती, आता पहिली. जुन्यांतला फोम दाबला की भुगा होतो, पट्टे उन्हाने कुजलेत. सगळी फेकली. नवी घेताना लहान मुलांच्या मापाची वेगळी घेतली. त्यांची जागा पलंगाखालच्या कप्प्यात नाही, कॉकपिटमध्ये, उघड्या खणात. हात घातला की मिळाली पाहिजेत.

५ जानेवारी २०२५

डेक. हे काम सगळ्यांत मोठं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बोटीचा डेक एकसंध नसतो. वर फायबरग्लासचा पातळ थर, खाली तसाच दुसरा, मधे बाल्सा लाकडाच्या तुकड्यांचा गाभा. बाल्सा उभ्या तंतूंचा कापलेला असतो. त्यामुळे वजन फारसं न वाढता डेक ताठ राहतो. गाभा कोरडा असेल तोवर ही रचना उत्तम. पण रेलिंगच्या खांबाची बैठक बसवायला कारखान्यात भोक पाडतात, त्यात स्क्रू आणि थोडं सीलंट घालतात, आणि तीस-बत्तीस वर्षांत ते सीलंट सुकून भेगाळतं. स्क्रूच्या बाजूने पाणी गाभ्यात उतरतं. वर ऊन, खाली पाणी, मधे लाकूड.

माठ घेताना वाजवून बघतात तसा मी प्लास्टिकच्या हातोडीने सगळा डेक वाजवत गेले. शाबूत जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. आवाज बदलला की खडूने रेघ. दुपारपर्यंत उजव्या बाजूच्या डेकवर खडूची मोठी बेटं तयार झाली. प्रत्येक बेटाच्या मधोमध एक खांब किंवा एखादी क्लीट (दोर बांधायची खुंटी). एकही बेट नुसत्या सपाट जागी नव्हतं. पाणी नेमकं कुठून आलं याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

मग मिस्त्रींनी पातळ चकतीने वरचा थर कापला, खोली गाभ्यापर्यंतच ठेवून. पट्टी उचलताच खालून चहाच्या रंगाचं पाणी वाहिलं. आणि वास, ओल्या गोणपाटासारखा कुबट. बाल्सा काळा, बोटाने उचलला तर चिखल. कडेला जाऊ तसा तो तपकिरी, मग पिवळट, मग एकदम कोरडा, पांढरा आणि टणक. त्या कोरड्या रेषेपलीकडे आणखी दोन बोटं रुंद कापायचं, मगच थांबायचं. ओल मागे ठेवून वरून बंद केलं तर सगळी मेहनत वाया.

मिस्त्री मालवणकडचे, लाकडी मचव्यांवर हात बसलेला माणूस. मूठभर काळा चिखल माझ्यापुढे धरून म्हणाले, "ताई, खाऱ्या पाण्यान लाकूड कुसणा नाय. ह्या गोड्या पाण्याचा काम." खरं आहे ते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. लाकडी बोटी बांधणारे कारागीर मुद्दाम फटींमध्ये मीठ भरत आले आहेत ते त्याचसाठी.

२ फेब्रुवारी

उघडा डेक जानेवारीभर ताडपत्रीखाली वाळला. रात्री झाकायचा, कारण पहाटे दव पडतं. सकाळी जमिनीवरून येणारा कोरडा वारा सुटला की उघडायचा, तिसऱ्या प्रहरी समुद्रवारा फिरला की परत झाकायचा. मुंबईत एपॉक्सीला, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनला, मानवणारी हवा डिसेंबर ते फेब्रुवारी इतकीच. नियम असा की पृष्ठभाग दवबिंदूच्या तापमानापेक्षा निदान तीन अंशांनी गरम हवा. ओलसर हवेत हार्डनरचा काही अंश वर येऊन मेणचट थर धरतो. तो पाण्याने धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा हात दिला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून आम्ही सकाळी अकरा ते दुपारी चार एवढ्याच वेळात काम केलं.

नवा बाल्सा तुकड्या-तुकड्याने बसवला, प्रत्येक तुकड्याची खालची बाजू आधी पातळ एपॉक्सीने भिजवून. वरून वाळूच्या पिशव्या. मग काचेच्या कापडाचे थर, कडेला उतरते, म्हणजे जुना आणि नवा थर एकमेकांवर रुंद पट्टीने चढतात.

खांबांच्या जागी बाल्सा ठेवलाच नाही. तिथे सिलिका मिसळून घट्ट केलेलं एपॉक्सी भरीव ओतलं. ते पक्कं झाल्यावर त्यातून बोल्टचं भोक पाडायचं. पुढे कधी सीलंट सुटलं तरी पाण्याला भेटेल ते एपॉक्सी, लाकूड नाही. कारखान्याने हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर हा डेक कापावा लागला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

तळाचे खड्डेही भरले. मीटर आता कोरड्या भागाशी जुळतोय.

२३ फेब्रुवारी

इंजिनं. तांडेलकाकांच्या ओळखीचा फिटर रोज मासेमारीच्या बोटींची अशोक लेलँड इंजिनं उघडतो. आमची इंजिनं त्याला नवी, पण त्याने आधी तेलाची काडी काढून वास घेतला, मग हाताने क्रँक फिरवून पाहिला. दोन्ही मोकळी. कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरमध्ये जवळपास सारखं. म्हणजे पोट चांगलं आहे, आजार पाण्याच्या बाजूला.

उजव्या इंजिनाच्या समुद्राच्या पाण्याच्या पंपात इम्पेलरला, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या रबरी चाकाला, निम्मी पाती नव्हती. तुटलेलं रबर कुठेतरी गेलंच असणार. हीट एक्स्चेंजरचं, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या भागाचं, झाकण काढलं तर नळ्यांच्या तोंडाशी काळे रबरी तुकडे अडकलेले, सोबत पांढरी पुटं. कुणीतरी नवा इम्पेलर घालून मोकळं झालं असतं आणि इंजिन तापतच राहिलं असतं. नळ्यांचा गठ्ठा बाहेर काढून साफ केला, दाबाने तपासला. आतल्या पेन्सिल झिंकच्या (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणाऱ्या जस्ताच्या कांडीच्या) जागी नुसता पितळी स्क्रू उरला होता. इंजेक्टर कुर्ल्याला तपासायला दिले.

एक्झॉस्टचा ओतीव लोखंडी एल्बो, म्हणजे वाकडा जोड, आतून गंजून जवळजवळ बुजलेला होता. इथे गरम धूर आणि खारं पाणी एकत्र येतात, म्हणून इंजिनाचा सगळ्यांत आधी मरणारा भाग हाच. एल्बो गळला तर पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं आणि चांगलं इंजिन भंगारात. दोन्ही नवे केले.

१६ मार्च

वायरिंग. जुन्या वायरीचं आवरण सोललं की आतलं तांबं काळं पडलेलं. नवी वायर कथिलाचा मुलामा असलेली. लोहार चाळीत साधी वायर स्वस्तात मिळते, पण बोटीवर ती दोन पावसाळ्यांत काळी पडते. फ्यूज बॅटरीला शक्य तितके चिकटून, बिल्ज पंपाचं ऑटोमॅटिक कनेक्शन मेन स्विचच्या आधी, म्हणजे सगळं बंद करून घरी गेलो तरी पंप जिवंत. पंप दोन, वेगवेगळ्या उंचीवर, वरचा सुरू झाला की भोंगा.

१३ एप्रिल

खिडक्या आणि खांब परत बसवले. सीलंटची नळी पिळून स्क्रू करकचून आवळायचा ही सवय इथे घात करते. सगळं सीलंट बाहेर येतं, मधे काहीच उरत नाही. आम्ही डेकवर ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, वापरली. भोकाच्या तोंडाला किंचित उतार दिला, म्हणजे बोल्टभोवती टेपचं कडं तयार होतं. आज थोडं आवळलं, पुन्हा उद्या, मग आठवड्याने. उन्हात ब्यूटाइल नरम होऊन पसरतं, म्हणून घाई नको. बोल्ट फिरवायचा नाही, खालून नट फिरवायचा. नाहीतर टेपचं कडं पिळवटून निघतं.

प्रत्येक बैठकीखाली, आतल्या छताला, वर्तमानपत्राची अरुंद पट्टी चिकटवून तिच्यावर क्रमांक टाकला. पाणी आलं तर कुठून आलं ते कागद सांगेल.

२८ एप्रिल

वैशाख शुद्ध प्रतिपदा, भरती दुपारी पाऊणच्या सुमारास. आता दिवसाचं पाणी चालतं. शनिवारी अँटिफाउलिंगचा, म्हणजे तळाला शेवाळ-बार्नेकल धरू न देणाऱ्या रंगाचा, शेवटचा हात झाला होता. पूर्वीच्या कथिलयुक्त रंगांना २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आताचे तांब्याचे. मुंबईच्या गढूळ, कोमट पाण्यात उभ्या बोटीला शेवाळ-बार्नेकल लवकर धरतात, म्हणून पाण्याच्या रेषेवर आणि सुकाणूवर एक हात जास्त. झिंक ॲनोडांवर रंगाचा थेंबही पडू दिला नाही. झिंक झिजतं म्हणून पंखा वाचतो, आणि रंगवलेलं झिंक झिजत नाही.

तांडेलकाकांनी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, नारळ वाढवला. क्रेडल सरकली, बोट तरंगली. मी आत, टॉर्च घेऊन एकेका व्हॉल्व्हपाशी. सगळे कोरडे. पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथल्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी, ते हवंच. पॅकिंग पाण्यानेच थंड राहतं.

३ मे

शाफ्टची रेषा, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सरळ एका रेषेत आणणं. हे काम जमिनीवर करून उपयोग नाही, पाण्यात बोटीचं अंग थोडं बदलतं. कपलिंगच्या दोन चकत्यांमध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून वर, खाली, दोन्ही बाजूंना मोजलं. फरक एक दशांश मिलिमीटरच्या आत आणायचा. डावं इंजिन सरळ निघालं. उजव्याचे पाय पुष्कळ उचलावे लागले.

७ मे

काल संध्याकाळी अचानक वादळ आणि पाऊस. सकाळी जाऊन पट्ट्या पाहिल्या, सगळ्या कोरड्या. पण ही एक सर होती.

१९ मे

पावसाळ्यात हार्बरच्या उघड्या भागात बोट ठेवणं धोक्याचं. ती महिनाअखेरीस हलवायची होती, पण अरबी समुद्रात हवा बिघडण्याचा अंदाज आला आणि काका म्हणाले, आजच. भाऊचा धक्का मागे टाकला, आधी संक रॉकच्या दीपगृहापर्यंत चाचणी, मग वळून रेवसच्या दिशेने धरमतरच्या खाडीत.

दोन्ही इंजिनांचं पाणी ८० ते ८५ अंशांवर स्थिर. थंड इंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळात गेला, वेग वाढवला तरी काळा धूर नाही. उजव्या शाफ्टची जुनी थरथर गेली. मी अर्धा वेळ इंजिनरूममध्येच होते, एल्बोवर हात फिरवत, होजच्या प्रत्येक क्लिपपाशी कागद लावून. दादाने सुकाणू तांडेलकाकांकडेच ठेवलं, या पाण्याची ओळख त्यांची.

खाडीत आत नांगर टाकून दोन बाजूंनी दोर बांधले.

२७ मे

काल, २६ मे रोजी, मॉन्सून मुंबईत दाखल झाला. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधीच नाही. याआधीचा विक्रम १९५६ सालचा, २९ मे. त्यात अमावास्येचं उधाण. आज दादासोबत अटल सेतूवरून पेण-वडखळमार्गे खाडीवर गेले.

खांबांखालच्या पट्ट्या कोरड्या. खिडक्यांखालच्या कोरड्या. क्लीटखालच्या कोरड्या. उजव्या डेकच्या नव्या भागावर पुन्हा हातोडी फिरवली, आवाज खणखणीत. बिल्जमध्ये फक्त ग्लँडचं पाणी, ते हाताचं बोट बुडवून चाखलं, खारं. इतका आनंद मला या कामात पूर्वी झाला नव्हता आणि तो दादालाही दिसला.

एक पट्टी मात्र भिजून गळाली होती : पुढच्या हॅचची (डेकमधल्या झाकणाची), डाव्या बिजागरीखालची. तिथला बोल्ट आम्ही काढलाच नव्हता, कारण त्या जागी आवाज चांगला होता. ओल अजून गाभ्यात पसरलेली नाही, मीटर फक्त बोल्टभोवती चढतो. या पावसात भोक उघडून उपयोग नाही. बिजागरीवरून ब्यूटाइलची पट्टी मारली, वर ताडपत्री ताणून बांधली. ऑक्टोबरात चारही बोल्ट काढून भोकं मोठी करायची, भरीव एपॉक्सी ओतायचं आणि मगच नवीन बोल्ट. दोर, बॅटरी आणि ती पट्टी बघायला पुढच्या रविवारी दादा येईल, त्यानंतर मी.